सामायिक फाइलपासून डेटाबेस सर्व्हरकडे : स्थलांतरात नेमके काय बदलते

सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची फाइल कोणी उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची आणखी एक लहानशी फाइल आपोआप तयार होते. तिला लॉक फाइल म्हणतात. डेटाबेस उघडणाऱ्या प्रत्येक संगणकाचे नाव आणि वापरकर्त्याची ओळख तिच्यात प्रत्येकी ६४ बाइटांच्या नोंदीत लिहिली जाते आणि अशा जास्तीत जास्त २५५ नोंदी तिच्यात मावतात. ॲक्सेसवर एका वेळी २५५ जणांना काम करता येते असे जे सांगितले जाते, ते याच हिशेबाने. कोण कोठे लिहीत आहे, कोणी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे, हा सगळा व्यवहार या लहानशा फाइलच्या आधाराने प्रत्येक संगणक आपापल्या परीने पाळत असतो. मध्ये बसून सर्वांचे ऐकून घेणारा आणि निर्णय देणारा तेथे कोणीही नसतो.

डेस्कटॉप डेटाबेस आणि क्लायंट-सर्व्हर डेटाबेस यांतील फरक समजून घेताना ही लॉक फाइल डोळ्यांसमोर ठेवावी. पहिल्या प्रकारात डेटाची फाइल सर्वांच्या हाती असते आणि प्रत्येक संगणक तिच्यातून थेट वाचतो, तिच्यात थेट लिहितो. दुसऱ्या प्रकारात त्या फाइलला हात लावण्याचा अधिकार एकाच प्रोग्रॅमला असतो आणि बाकी सर्वांनी आपली मागणी त्या प्रोग्रॅमकडे नोंदवायची असते. स्थलांतरातून मिळणारे बहुतेक सगळे फायदे आणि स्थलांतरात होणारा बहुतेक सगळा मनस्ताप या एकाच बदलातून निघतो, असे माझे बऱ्याच वर्षांच्या कामानंतरचे मत आहे. डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. काम कोणी करायचे याची वाटणी नव्याने लावणे हा अवघड भाग असतो, आणि नेमका त्याचाच विचार सुरुवातीला होत नाही.

शोधण्याचे काम कोण करतो

एक उदाहरण घेऊ. बिलांच्या टेबलमध्ये पाच लाख नोंदी आहेत, प्रत्येक नोंद सरासरी २०० बाइटांची आहे आणि आपल्याला एका ग्राहकाची चाळीस बिले पाहायची आहेत. फाइल ज्या संगणकावर ठेवली आहे त्याला आपण सवयीने सर्व्हर म्हणतो खरे, पण त्याला बिल, ग्राहक किंवा टेबल यांतले काहीही कळत नाही. फाइलचा अमुक भाग द्या म्हटले की तो तेवढे बाइट देतो. शोधण्याचे सगळे काम मागणाऱ्याच्या संगणकावर चालणारे ॲक्सेसचे इंजिनच करते.

अशा वेळी संपूर्ण टेबल नेटवर्कवरून खेचले जाते, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. ग्राहक क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे कोणती नोंद कोठे आहे हे सांगणारी सूची, असेल तर इंजिन आधी इंडेक्सची काही पाने, म्हणजे फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे, मागवते आणि त्यावरून कळलेली, डेटाची तेवढीच पाने आणते. ॲक्सेस २००० पासून हे पान ४ केबीचे असते. मात्र इंडेक्स नसेल, किंवा असूनही क्वेरीच्या, म्हणजे डेटा मागणाऱ्या वाक्याच्या, अटीत तो फील्ड (टेबलमधील रकाना) एखाद्या फंक्शनमध्ये गुंडाळलेला असेल, तर पाचही लाख नोंदी, म्हणजे सुमारे १०० एमबी, नेटवर्कवरून आपल्या संगणकावर येतात आणि त्यांतून चाळीस निवडल्या जातात. असे पाच जण एकाच वेळी करू लागले की नेटवर्क तुंबते.

खऱ्या डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत क्लायंटकडून, म्हणजे मागणाऱ्या संगणकाकडून, फक्त क्वेरीचे एक वाक्य जाते. सर्व्हर ते वाचतो, कोणता इंडेक्स वापरायचा ते ठरवतो, आपल्याच डिस्कवर आणि आपल्याच मेमरीत शोध घेतो आणि चाळीस नोंदी, म्हणजे जेमतेम ८ केबी, परत पाठवतो. इंडेक्स नसला तरी सर्व्हरला स्वतःचे टेबल चाळावे लागेल, पण नेटवर्कवर भार येणार नाही. शिवाय वारंवार लागणारी पाने सर्व्हरच्या मेमरीत राहतात आणि ती सर्वांच्याच उपयोगी पडतात, तर डेस्कटॉप डेटाबेसमध्ये प्रत्येक संगणक आपली वेगळी प्रत मेमरीत बाळगत असतो.

लिहिण्याच्या बाबतीत हा फरक अधिकच गंभीर होतो. एक नोंद जतन करताना डेटाचे पान बदलते, त्या टेबलवरच्या प्रत्येक इंडेक्सचे पान बदलते, कधी नवे पान जोडावे लागते. डेस्कटॉप डेटाबेसमध्ये ही सगळी पाने वापरकर्त्याच्या संगणकातून नेटवर्क ओलांडून फाइलपर्यंत पोहोचायची असतात. त्यातली काही पोहोचली आणि तेवढ्यात वायफाय तुटले, लॅपटॉप झोपी गेला किंवा कोणी बटण दाबून संगणक बंद केला, तर फाइल अर्धवट अवस्थेत राहते. डेटाबेस ओळखता येत नाही अशा अर्थाचा जो संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो, त्याचे मूळ बहुधा आदल्या संध्याकाळच्या अशा एखाद्या क्षणात असते. दुरुस्तीची सोय ॲक्सेसमध्ये आहे आणि ती पुष्कळदा उपयोगी पडते, पण ती काय वाचवील आणि काय टाकून देईल याची हमी देता येत नाही.

डेटाबेस सर्व्हर यावर जो उपाय करतो तो समजून घेण्यासारखा आहे. तो प्रत्येक बदल आधी एका स्वतंत्र लॉगमध्ये ओळीने लिहितो. हा मजकूर डिस्कवर पक्का उतरल्याशिवाय सर्व्हर क्लायंटला 'जतन झाले' असे कळवत नाही. मूळ डेटाची पाने नंतर सवडीने लिहिली जातात. मधेच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना सर्व्हर लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा लागू करतो आणि अपुरे राहिलेले मागे घेतो. खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, अशी मधली अवस्था त्यामुळे उरत नाही. ॲक्सेसमध्येही व्यवहार एकत्र बांधण्याची, म्हणजे ट्रान्झॅक्शनची सोय आहे, परंतु तिच्यामागे असा लॉग नाही, आणि संकटाच्या वेळी फरक पडतो तो तेथेच. वापरकर्त्याचा संगणक बंद पडला तर सर्व्हरच्या दृष्टीने एक क्लायंट निघून गेला एवढेच घडते. त्याचा अपुरा व्यवहार मागे घेतला जातो आणि बाकीच्यांचे काम चालू राहते.

कधी हलावे, कधी हलू नये

ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची कमाल मर्यादा आहे आणि बहुतेकांना स्थलांतराची आठवण ती जवळ आल्यावरच होते. माझ्या मते आकार हे कारणांपैकी सर्वांत दुय्यम कारण आहे. एकाच वेळी लिहिणाऱ्यांची संख्या वाढत असेल, कोणाला वायफायवरून किंवा दुसऱ्या गावातून काम करायचे असेल, काही तक्ते काही जणांपासून खरोखरच लपवायचे असतील किंवा दिवसभराच्या नोंदी गमावणे परवडणार नसेल, तर फाइल २०० एमबीची असली तरी हलण्याची वेळ आलेली असते. फॉक्सप्रो हा तसाच दुसरा डेस्कटॉप डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे: व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि तिचा अधिकृत आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला.

याउलट दोन-तीन माणसे, तारेचे नेटवर्क, रोजचा नियमित बॅकअप आणि मर्यादित डेटा अशी स्थिती असेल तर आहे ते चालू ठेवणे शहाणपणाचे आहे. सर्व्हर आला की त्याच्यावर लक्ष ठेवणारे, अद्ययावत आवृत्त्या बसवणारे आणि बॅकअप तपासणारे माणूसही लागते. ते माणूस नसेल, तर स्थलांतर म्हणजे ओळखीच्या अडचणी देऊन अनोळखी अडचणी घेणे होय.

कोणता सर्व्हर निवडावा यावर फार काळ घालवू नये. ॲक्सेसचे फॉर्म तसेच ठेवायचे असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हरशी त्यांचे सर्वांत सहज जुळते. त्याची एक्सप्रेस आवृत्ती विनामूल्य आहे, पण तिला डेटाबेसच्या आकाराची मर्यादा असते (अनेक आवृत्त्यांपर्यंत ती १० जीबी होती) आणि ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारा एजंट तिच्यात नसतो, म्हणून रात्रीच्या बॅकअपची व्यवस्था वेगळी करावी लागते. बर्कली येथील विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून घडलेला पोस्टग्रेसक्यूएल पूर्ण मुक्त आहे, त्याला अशी मर्यादा नाही आणि पुढे वेबवर जायचे असेल तर तो उत्तम सोबत देतो. मायएसक्यूएलही चालेल. तिघांपैकी ज्याची माहिती असलेले माणूस आपल्याजवळ आहे, तो निवडावा.

आधी दोन भाग करा

ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये टेबले, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट आणि कोड हे सारे एकत्र नांदू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी ते तसेच असते. सर्व्हरकडे फक्त टेबले जातात आणि पुढे काही क्वेरी जातात. फॉर्म आणि रिपोर्ट यांची तेथे जागाच नसते. त्यामुळे पहिले पाऊल सर्व्हर बसवण्याच्याही आधीचे आहे. टेबले एका फाइलमध्ये आणि बाकी सर्व दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावे, आणि ही दुसरी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्रपणे द्यावी. एवढे केल्याने अनेकदा डेटाबेस इतका सुधारतो की स्थलांतराची घाई उरत नाही.

त्यानंतर टेबले सर्व्हरवर न्यायची आणि वापरकर्त्यांच्या फाइलमध्ये त्यांचे दुवे, म्हणजे लिंक्ड टेबले, ओडीबीसी या, प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातील प्रमाणित जोडणीतून तयार करायची. फॉर्मला वाटते की टेबल पूर्वीच्याच नावाने समोर आहे. सगळे पुन्हा नव्याने लिहिण्याचा मोह या टप्प्यावर अनेकांना होतो आणि मी त्याच्या विरोधात आहे. डेटा आणि फॉर्म दोन्ही एकदम बदलले तर बिघाड कोठे आहे हे ओळखता येत नाही. टेबले सर्व्हरवर नेणारा ॲक्सेसमधील जुना अपसायझिंग विझार्ड २०१३ च्या आवृत्तीपासून काढून टाकला गेला. एसक्यूएल सर्व्हरसाठी आता मायक्रोसॉफ्टचा मायग्रेशन असिस्टंट वापरतात. तो टेबले, इंडेक्स आणि टेबलांमधील नाती नेतो आणि अडथळ्यांची यादीही देतो. ती यादी दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

सर्व्हर काय चालवून घेत नाही

डेस्कटॉप डेटाबेस बराच सहनशील असतो आणि त्या सहनशीलतेचा हिशेब स्थलांतराच्या वेळी चुकता करावा लागतो. एका संस्थेचे काम करताना एक मोठे टेबल शेवटपर्यंत जाईना. बऱ्याच शोधानंतर कारण सापडले: मोजक्या नोंदींमध्ये टंकलेखनाच्या चुकीने २००४ ऐवजी ०२०४ असे वर्ष पडले होते. ॲक्सेस इसवी सन १०० पासूनच्या तारखा स्वीकारतो, त्यामुळे वर्ष २०४ त्याला मान्य होते. एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीख-प्रकार मात्र १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख घेत नाही. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ साली अकरा दिवस गाळून ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली. त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षापासून या प्रकाराची सुरुवात होते. नवा तारीख-प्रकार इसवी सन १ पासूनच्या तारखा घेतो, आणि चुकीच्या नोंदी नेण्यासाठी तो सोयीचा वाटतो. पण मग ती चूक नव्या घरातही तशीच राहते. शिवाय जुन्या ओडीबीसी ड्रायव्हरला हा प्रकार उमगत नाही आणि ॲक्सेसमध्ये ती तारीख साध्या मजकुरासारखी दिसू लागते. त्या नोंदी आम्ही मूळ कागद पाहून दुरुस्त केल्या; तेच योग्य होते.

असेच इतरही काही आहे. ज्या फील्डवर 'पुनरावृत्ती नको' असा इंडेक्स आहे त्यात ॲक्सेस कितीही रिकाम्या नोंदी चालवून घेतो, एसक्यूएल सर्व्हर एकच रिकामी नोंद स्वीकारतो आणि पोस्टग्रेसक्यूएल पुन्हा कितीही चालवून घेतो. ज्या बिलाचा ग्राहकच टेबलमध्ये नाही अशा अनाथ नोंदी नाते लादताक्षणी उघड्या पडतात. एकाच फील्डमध्ये अनेक मूल्ये किंवा जोडलेल्या फाइली ठेवण्याची ॲक्सेसची सोय सर्व्हरवर नाही, त्यासाठी वेगळे टेबल करावे लागते. देवनागरी मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या) प्रकारच्या कॉलममध्येच गेला पाहिजे, नाहीतर त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. पैशांच्या रकमा दशांश प्रकारात ठेवाव्यात. तरंगत्या दशांशात, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलेल्या रकमांची बेरीज पैशांनी चुकते, आणि जुन्या-नव्याची तुलना करताना तो एक पैसा तासन्‌तास खातो.

एकटीच असताना 'दुसऱ्याने नोंद बदलली'

स्थलांतर झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हमखास येणारी एक तक्रार जवळून पाहण्याजोगी आहे. कार्यालयात एकच कर्मचारी आहे. ती ग्राहकाचा फॉर्म उघडते, दूरध्वनी क्रमांक बदलते आणि जतन करते. समोर संदेश येतो की आपण बदल करीत असताना दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे. ती फॉर्म बंद करून पुन्हा प्रयत्न करते. संदेश तोच. दुसऱ्या ग्राहकाची नोंद मात्र व्यवस्थित जतन होते.

येथे घडते असे की आता ॲक्सेसला फाइलमध्ये थेट लिहिता येत नाही, त्याला सर्व्हरकडे मागणी करावी लागते. ती मागणी साधारण अशी असते: या क्रमांकाची नोंद बदला, मात्र तिचे बाकीचे सर्व फील्ड मी वाचले तेव्हा होते तसेच असतील तरच. मध्यंतरी दुसऱ्याने काही बदलले असेल तर ते पुसले जाऊ नये यासाठी ही अट असते. आता या टेबलमध्ये 'होय किंवा नाही' प्रकारचा एक फील्ड आहे. ॲक्सेसला अशा फील्डमध्ये दोनच मूल्ये ठाऊक आहेत: होय म्हणजे उणे १ आणि नाही म्हणजे ०. सर्व्हरवरच्या कॉलममध्ये तिसरी शक्यताही असते, ती म्हणजे नल, अर्थात 'माहितीच नाही'. टेबल नेताना किंवा नंतर कॉलम जोडताना काही नोंदींत नल राहिला. ॲक्सेस त्याला ० समजतो आणि अटीत ० लिहितो. सर्व्हरच्या लेखी नल म्हणजे ० नव्हे. अट जुळत नाही, एकही नोंद बदलली जात नाही, आणि शून्य नोंदी बदलल्याचे उत्तर आले की ॲक्सेस एकच निष्कर्ष काढतो, की मध्ये कोणीतरी हात घातला. तरंगत्या दशांशाच्या फील्डमध्येही अगदी असेच होते, कारण वाचलेला आणि साठवलेला आकडा शेवटच्या अंकांत जुळत नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. 'होय किंवा नाही' प्रकारच्या प्रत्येक कॉलमला नलची मनाई करून ० हे, काही न भरल्यास आपोआप पडणारे मूल्य द्यावे. दुसरे, प्रत्येक टेबलमध्ये एसक्यूएल सर्व्हरचा रो-व्हर्जन प्रकारचा एक कॉलम जोडावा आणि मग टेबलचा दुवा ताजा करावा. नोंद बदलली की सर्व्हर या ८ बाइटांच्या कॉलममधील मूल्य स्वतःहून बदलतो. तो दिसला की ॲक्सेस सगळे फील्ड ताडून पाहण्याचे सोडून केवळ नोंदीचा क्रमांक आणि हे मूल्य एवढेच ताडतो. याच ओघात प्रत्येक टेबलला प्राथमिक की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा फील्ड, आहे ना तेही पाहावे. ती नसेल तर दुव्यातून आलेले टेबल फक्त वाचता येते.

सर्व्हर आला आणि वेग घटला

हीही तक्रार खरी असते. कारण असे की टेबले हलली तरी फॉर्म आणि कोड अजूनही जुन्या समजुतीने चालत असतात. फाइल हाताशी आहे असे गृहीत धरून लिहिलेला कोड दहा हजार नोंदींवरून एकेक करून फिरतो आणि प्रत्येक नोंदीसाठी सर्व्हरकडे स्वतंत्र मागणी करतो. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल तर पाच सेकंदांत काम होते. तेच इंटरनेटवरून २० मिलिसेकंदांची फेरी असेल तर २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक. सर्व्हर त्या वेळात बहुतांशी रिकामाच बसलेला असतो. हा फेरा टाळून 'या अटीत बसणाऱ्या सर्व नोंदी अशा बदला' असे एकच वाक्य पाठवले की काम क्षणात होते.

दुसरे कारण अधिक लपलेले आहे. ॲक्सेसमधील क्वेरीत आपण स्वतः लिहिलेले फंक्शन अटीत वापरले असेल, तर सर्व्हरला ते फंक्शन ठाऊक नसते. मग ॲक्सेस सगळ्या नोंदी आपल्याकडे मागवून घेतो आणि अट स्वतः तपासतो. सर्व्हरवरील मोठे टेबल आणि आपल्या संगणकावरील लहान टेबल जोडणारी क्वेरीही त्याच वाटेने जाऊ शकते. म्हणजे शोधण्याचे काम सर्व्हरने करावे म्हणून एवढा खटाटोप केला आणि ते काम पुन्हा आपल्याच संगणकावर येऊन बसले. अशा क्वेरी शोधून त्यांचे सर्व्हरवर व्ह्यू, म्हणजे सर्व्हरवरच जतन केलेल्या क्वेरी, करावेत, किंवा त्या पास-थ्रू पद्धतीने, म्हणजे ॲक्सेसने मध्ये अर्थ न लावता जशाच्या तशा, सर्व्हरकडे पाठवाव्यात. पाठवताना भाषा मात्र सर्व्हरची लागते: ॲक्सेसमध्ये तारखेभोवती # असते, तेथे साधे अवतरणचिन्ह, कोणताही मजकूर चालेल या अर्थी येथे *, तेथे %.

फॉर्मही बदलावे लागतात. उघडताच सर्व ग्राहक दाखवणारा आणि मग त्यांतून शोधू देणारा फॉर्म फाइलच्या काळात चालून जात होता. आता तो रिकामा उघडावा, आधी नाव किंवा क्रमांक विचारावा आणि तेवढीच नोंद आणावी. पन्नास हजार नावांची निवडयादी असेल तर पहिली तीन अक्षरे टंकल्याशिवाय ती भरू नये. नव्या नोंदीच्या क्रमांकाबाबतही एक सवय मोडावी लागते. ॲक्सेसमध्ये नवी नोंद भरू लागताच क्रमांक मिळतो, सर्व्हर मात्र नोंद जतन झाल्यावरच क्रमांक देतो, त्यामुळे आधीच क्रमांक वापरणारा कोड रिकाम्या मूल्यावर अडखळतो. अशा टेबलचा रेकॉर्डसेट (नोंदींचा संच) कोडमधून उघडताना येणारी ३६२२ क्रमांकाची त्रुटी डीबी-सी-चेंजेस हा पर्याय दिला की जाते.

अधिकार आणि बॅकअप

फाइल वापरायची तर ती सर्वांना वाचता आणि लिहिता आली पाहिजे, आणि जी फाइल वाचता-लिहिता येते तिची प्रत काढून घरीही नेता येते. सर्व्हरवर डेटाच्या फाइलपर्यंत कोणाचाही हात पोहोचत नाही. कोणी कोणते टेबल वाचायचे आणि कोणी बदलायचे हे भूमिकांनुसार ठरवता येते. ही सोय असूनही सर्वांना एकाच सर्वाधिकारी खात्याने जोडून देण्याची चूक मी वारंवार पाहिली आहे, आणि त्या खात्याचा पासवर्ड दुव्याच्या मजकुरात उघड लिहिलेला असतो. एसक्यूएल सर्व्हर असेल तर विंडोजच्या ओळखीनेच प्रवेश द्यावा, म्हणजे पासवर्ड कोठे लिहून ठेवावा लागत नाही. सर्व्हरचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित दार (एसक्यूएल सर्व्हरचे नेहमीचे १४३३, पोस्टग्रेसक्यूएलचे ५४३२) इंटरनेटला उघडे ठेवू नये. बाहेरून येणाऱ्यांसाठी व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, असावे.

बॅकअपबद्दलची समजूतही बदलावी लागते. पूर्वी रात्री फाइलची प्रत काढली की झाले. चालू सर्व्हरच्या डेटा फाइलची तशी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण त्या क्षणी काही बदल लॉगमध्ये असतात आणि पानांपर्यंत पोहोचलेले नसतात. सर्व्हरच्याच आज्ञेने बॅकअप घ्यावा. तो कामकाज चालू असतानाही घेता येतो, आणि दर काही मिनिटांनी लॉगचाही बॅकअप घेतला तर दुपारी ३ वाजता चुकून पुसलेले टेबल २ वाजून ५९ मिनिटांच्या स्थितीत परत मिळवता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप होईपर्यंत लॉग जपून ठेवणारी फुल रिकव्हरी ही पद्धत निवडून लॉगचा बॅकअप मात्र कधीच न घेतल्यास तो लॉग वाढत वाढत डिस्क भरून टाकतो आणि एके दिवशी सर्व कामकाज थांबते. कोणतीही पद्धत निवडा, दुसऱ्या संगणकावर तो बॅकअप प्रत्यक्ष उतरवून डेटाबेस उघडतो का, हे स्थलांतराच्या आधी एकदा करून पाहा.

बदलाचा दिवस

प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी संपूर्ण प्रक्रियेची किमान दोनदा रंगीत तालीम करावी आणि दर वेळी लागलेला वेळ लिहून ठेवावा. पडताळणीसाठी प्रत्येक टेबलमधील नोंदींची संख्या पुरेशी नसते. रकमांच्या बेरजा, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, रिकाम्या फील्डची संख्या हेही दोन्हीकडे जुळवावे. जे वेळेचे फील्ड तारखेशिवाय भरले होते तेथे नव्या बाजूला ३० डिसेंबर १८९९ अशी तारीख दिसेल. ती बिघाडाची खूण नाही. ॲक्सेसमध्ये तारखांची मोजणी त्या दिवसापासून होते, एवढाच तिचा अर्थ. दोन-तीन परिचित रिपोर्ट जुन्या आणि नव्या बाजूने छापून शेजारी ठेवावेत आणि ते रोज पाहणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत, कारण आकडा चुकला आहे हे तंत्रज्ञाच्या आधी त्या माणसाच्या लक्षात येते.

बदल झाल्यावर जुनी फाइल पुसू नये, पण होती तेथे होती तशीही ठेवू नये. कोणाच्या तरी डेस्कटॉपवर जुना शॉर्टकट राहिलेलाच असतो. त्यावरून जुनी फाइल उघडते, नेहमीसारखी दिसते, आणि ती व्यक्ती दिवसभर त्यात नोंदी भरते. दोन ठिकाणी विभागलेल्या नोंदी नंतर एकत्र करणे हे स्थलांतराहूनही किचकट काम आहे, कारण तोपर्यंत दोन्हीकडे तेच क्रमांक वेगवेगळ्या बिलांना दिले गेलेले असतात. म्हणून बदलाच्या रात्रीच जुन्या फाइलचे नाव बदलावे, तिच्यावरील लिहिण्याचा अधिकार काढून घ्यावा आणि पहिला वर्षअखेरचा हिशेब नव्या सर्व्हरवर जुळेपर्यंत ती तशीच जपून ठेवावी.